शेजारधर्म आणि भिंतीवरची पेटी

सांगलीतील वा साताऱ्यातील एखाद्या चित्रपटगृहात, बँकेत किंवा मंगल कार्यालयात आपण पाऊल टाकले, की भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे दृष्टीस पडते. आग विझविण्याचे ते साधन तेथे का आहे, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मालकाने ते हौसेने लावलेले नसते. २००६ साली महाराष्ट्रात झालेल्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ती जबाबदारी इमारतीचा मालक व ती वापरणारा यांच्यावर टाकली आहे. वर्षानुवर्षे ते नळकांडे कोणी हातात घेत नाही. तरीही तो खर्च वाया गेला असे आपण म्हणत नाही.

जगातील काही देशांत या लाल नळकांड्याच्या शेजारी आणखी एक पेटी दिसू लागली आहे. तिच्यावर हृदयाचे चित्र असते आणि त्यातून विजेची रेघ गेलेली असते. अकस्मात थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन पुन्हा लयीवर आणणारे यंत्र त्या पेटीत असते. डॉक्टर त्याला डिफिब्रिलेटर म्हणतात. सामान्य माणसाला हाताळता येईल असे त्याचे जे रूप आहे, ते ‘ए.ई.डी.’ या नावाने ओळखले जाते. ही पेटी स्थानकात, शाळेत, कचेरीत असलीच पाहिजे, असा कायदा काही देशांनी केला आहे. आपल्या देशात तसा कायदा नाही. तो असावा काय? आणि जोवर तो नाही, तोवर या बाबतीत आपली सदसद्विवेकबुद्धी मोकळी आहे काय? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही वाचकांसमवेत करू इच्छितो.

थोड्या मिनिटांचा अवधी

प्रथम थोडे वैद्यकशास्त्र पाहिले पाहिजे. कारण अज्ञानाच्या पायावर नीतीचा विचार उभा राहत नाही. हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. छातीत कळ येते, घाम फुटतो. पण बहुधा माणूस शुद्धीवर असतो आणि त्याला रुग्णालयात नेण्यास काही अवधी मिळतो. हृदयक्रिया अकस्मात थांबणे ही याहून वेगळी गोष्ट. पहिल्यातून दुसरी उद्भवू शकते, इतकेच. अशा वेळी पुष्कळदा हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही. माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याचा श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा चालतो. चार ते सहा मिनिटे मेंदूला रक्त मिळाले नाही, की त्याची कायमची हानी होऊ लागते. काहीच उपाय न केल्यास प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता शेकडा ७ ते १० ने घटते. म्हणून दहा मिनिटांनी येणारा निष्णात डॉक्टरही बहुधा उशिराच आलेला असतो.

यावर तातडीचे उपाय दोन. पहिला हाताचा. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहिल्यास मेंदूला थोडे तरी रक्त पोहोचत राहते. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ही रीत जगापुढे मांडली. दुसरा उपाय विजेचा. १९४७ साली क्लीव्हलंड येथे डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर चौदा वर्षांच्या एका मुलाचे उघडे हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा चालते केले. १९५६ मध्ये डॉ. पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून झटका देऊन हेच साधले. १९६५ साली बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी यंत्र रुग्णवाहिकेत चढविले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते धूड सुमारे ७० किलो वजनाचे होते.

आज तेच यंत्र एका हाताने उचलता येते. दोन चिकटपट्ट्या उघड्या छातीवर लावल्या, की ते हृदयाची लय स्वतः तपासते, पुढे काय करायचे ते बोलून सांगते, आणि झटक्याची गरज नसेल तर झटका देत नाही. ‘माझ्या हातून काही भलतेच झाले तर?’ या भीतीला यंत्राने तरी फारसे कारण ठेवलेले नाही. अमेरिकेत लास व्हेगासच्या जुगारघरांतील पहारेकऱ्यांना हे यंत्र चालविण्यास शिकविण्यात आले. त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांच्यापैकी शेकडा ७४ जण वाचले. ज्यांना त्यानंतर मिळाला, त्यांच्यापैकी शेकडा ४९. जुगारघराचे समर्थन कोणी करणार नाही. पण डॉक्टर नसलेल्या, केवळ शिकविलेल्या आणि जवळ असलेल्या माणसांनी हे जीव वाचविले, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

कायदा कोठे आहे, कोठे नाही

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने २०११ साली कायदा करून व्यायामशाळा, क्रीडागृहे, शाळा, विमानतळ अशा ठिकाणी ही पेटी सक्तीची केली आणि त्यासाठी जानेवारी २०१४ अखेरपर्यंत मुदत दिली. फ्रान्सने २०१८ साली कायदा केला आणि २०२० ते २०२२ या काळात तो टप्प्याटप्प्याने लागू केला. तेथे लोकांना खुल्या असलेल्या वास्तूंत किती माणसे मावतात यावर ही सक्ती ठरते. त्यामुळे मोठी प्रार्थनामंदिरेही तिच्या कक्षेत आली. इटलीत ऑगस्ट २०२१ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये असे कायदे झाले. जपानने जुलै २००४ पासून सर्वसामान्य नागरिकाला हे यंत्र वापरण्याची मुभा दिली.

आपल्याकडे काय आहे? कामगाराच्या प्राणाची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली नाही, असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० हून अधिक कामगार असतील तेथे रुग्णवाहिका-कक्ष सक्तीचा केला होता. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. प्रथमोपचार पेटी व कक्ष तिच्यातही आहेत. पण पट्ट्या, कापूस आणि मलमे यांची ही पेटी यंत्रात सापडलेल्या बोटासाठी आहे. थांबलेल्या हृदयासाठी नाही. डिफिब्रिलेटरचा उल्लेख आपल्या केंद्र शासनाच्या २०१९ च्या एका अधिसूचनेत येतो. परंतु ते यंत्र औषधांप्रमाणे शासकीय नियंत्रणाखाली असावे, एवढेच ती सांगते. यंत्र चांगले असावे याची काळजी तिने घेतली. ते कोठे असावे, याविषयी ती बोलत नाही.

मदत करणाऱ्याला संरक्षण देण्याच्या बाबतीत मात्र आपला कायदा बराच पुढे आला आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जखमी माणसाचा जीव वाचविणे हे पोलिसी सोपस्कारांच्या आधी येते आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टर त्यास बांधील आहे. २०१६ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या नागरिकाच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात १३४-अ हे कलम आले. त्याचे शीर्षकच ‘गुड समॅरिटन’ असे आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने भारताच्या कायद्यात असे स्थान मिळविले!

पण या शोमरोन्याच्या पायांत एक बेडी राहिली आहे. हे कलम मोटार अपघातातील जखमींपुरतेच आहे. खंबाटकीच्या घाटात गाडी उलटली, तर बाहेर काढणाऱ्या वाटसरूला त्याचे कवच मिळते. साताऱ्याच्या एस.टी. स्थानकाच्या बाकावरून एखादे आजोबा हृदय थांबून खाली पडले, तर त्यांची छाती दाबणाऱ्या तरुणाला ते मिळत नाही. सद्‌हेतूने, दुसऱ्याच्या हितासाठी केलेल्या कृत्यास भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमाचे सर्वसाधारण संरक्षण आहे; तथापि ते त्या तरुणाला ठाऊक असण्याची शक्यता थोडी. त्याच्या मनात ‘पोलीस, पंचनामा, साक्ष’ हे तीन शब्द आधी उभे राहतात.

आमचे दोन जिल्हे

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्या वेळी ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांनी युक्त होत्या. या सेवेने असंख्य बाळंतिणींना व जखमींना आधार दिला, हे कृतज्ञतेने सांगावयास हवे. तथापि पाटण वा जावळीच्या डोंगरांत, जतच्या किंवा आटपाडीच्या माळावर चालकाने कितीही शर्थ केली, तरी चार मिनिटांत गाडी पोहोचणे हे माणसाच्या आवाक्यातले नाही. त्या चार मिनिटांत जो जवळ असेल तोच डॉक्टर, तोच परिचारक आणि तोच शेजारी.

कायदा झालाच, तर तो कोणाच्या दारी आधी पोहोचेल? आमच्या मते हा प्रश्न ‘कायदा असावा काय’ या प्रश्नापेक्षाही अवघड आहे. मोठ्या शहरांतील विमानतळ, पंचतारांकित हॉटेले, परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्या येथे ही पेटी कायद्याशिवायही आलेली आहे. आमच्या दोन जिल्ह्यांत हृदयावर ताण घेऊन राबणारी माणसे कोण? सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची पोती पाठीवर वाहणारा हमाल. विट्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात रात्रपाळी करणारा विणकर. कृष्णाकाठी उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालविणारे आणि मोळ्या डोक्यावरून गाडीत चढविणारे, मराठवाड्यातून आलेले जोडपे. हमालासाठी १९६९ चा माथाडी कायदा तरी झाला. ऊसतोड कामगार मात्र साखर कारखान्याच्या फाटकाबाहेरच राहतो. त्याच्या श्रमावर गाळप चालते. पण कारखान्याच्या हजेरीपटावर तो नसतो आणि म्हणून कारखान्यातील प्रथमोपचाराची पेटीही त्याची नसते. माणसे मोजून पेट्या वाटावयाच्या असतील, तर मोजणीतून सुटलेल्या माणसांचे काय, हे कायदा करणाऱ्याने आधी ठरविले पाहिजे.

दुसरीही एक गोष्ट आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे भाविक प्राणास मुकले. सारा महाराष्ट्र हादरला. निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला आणि यात्रेतील व्यवस्थेकडे शासनाचे लक्ष वळले. तीनशे माणसे एका दुपारी मेली, म्हणून आयोग बसला. तीच माणसे निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या दिवशी, एकेक करून मेली असती, तर? थांबलेल्या हृदयाने येणारा मृत्यू असा एकेकट्याचा असतो. त्याची बातमी तालुक्याबाहेर जात नाही. दहाव्याला भाऊबंद जमतात आणि तेराव्यानंतर विषय मिटतो. ‘बैल गेला आणि झोपा केला’ असे आपण शासनाला म्हणतो. येथे बैल रोज एकेक जातो, म्हणून झोपा करण्याची आठवणही कोणाला होत नाही. कायद्याला मोठा आकडा लवकर दिसतो. देवाच्या दृष्टीने मात्र एकेकटा माणूस हा पूर्ण आकडा आहे.

साधन आवाक्यात आले, की कर्तव्यही येते

या विषयाकडे नीतिशास्त्राच्या अंगाने पाहताना आम्हांस पोप बारावे पायस यांच्या एका भाषणाची आठवण होते. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांनी भूलतज्ज्ञांपुढे हे भाषण केले. श्वास थांबलेल्या रुग्णाला यंत्राच्या साहाय्याने जिवंत ठेवण्याचे कर्तव्य कोठपर्यंत आहे, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला होता. त्यांच्या उत्तराचा आशय असा : जीव राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय योजण्यास माणूस बांधलेला आहे, असाधारण उपाय योजण्यास तो बांधलेला नाही. आणि सर्वसाधारण काय, हे व्यक्ती, स्थळ, काळ व परिस्थिती यांवर अवलंबून असते.

या शेवटच्या वाक्याशी आपण थोडे थांबू. ‘सर्वसाधारण’ ही रेषा दगडावर कोरलेली नाही. ती काळाबरोबर सरकते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उघडले. त्यापूर्वी पोटाची शस्त्रक्रिया ही आमच्या भागातील शेतकऱ्याला स्वप्नवत गोष्ट होती. रुग्णालय आले, लांबलांबचे रुग्ण आगगाडीने मिरजेत उतरू लागले, आणि जे असाधारण होते ते एका पिढीत साधारण झाले. पोटदुखीने तळमळणाऱ्या मुलाला घरीच ठेवून अंगारा लावणारा बाप पूर्वी हतबल होता. मिरजेला गाडी जाऊ लागल्यावर तोच बाप दोषी ठरू लागला. बाप तोच, साधन जवळ आल्याने त्याचे कर्तव्य बदलले.

पँट्रिज यांचे ७० किलोंचे यंत्र १९६५ साली कोणी सार्वजनिक ठिकाणी ठेवले नाही, यात कोणाचाच दोष नव्हता. आज तेच यंत्र शाळकरी मुलाला उचलता येते आणि ते स्वतः बोलून मार्ग दाखविते. ते असाधारण आहे, असे आज निःशंकपणे म्हणता येईल काय? रेषा सरकली आहे. ती सरकल्याची नोंद करणे हेच अशा कायद्याचे काम. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना तो समाजाच्या सामायिक हितासाठी केलेला विवेकाचा आदेश असल्याचे म्हटले आहे. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, असेही त्यांनीच सांगितले. कायदा दयेचा उमाळा आणू शकत नाही. पण दया करू इच्छिणाऱ्याचे हात रिकामे राहू नयेत, इतकी तजवीज तो करू शकतो, आणि ती त्याने करावी.

दोन आक्षेप

येथे एक रास्त आक्षेप येतो. या यंत्राची किंमत साधारण लाख रुपयांच्या घरात जाते. ज्या खेड्यात सर्पदंशावरची लस वेळेवर मिळत नाही, तेथे ही चैन कशाला? आक्षेप गरिबांच्या बाजूने केलेला आहे, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. मर्यादित पैशातून आधी लस घ्यावी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु या आक्षेपाने यंत्र मागे पडले, तरी हाताचा उपाय मागे पडत नाही. त्याला पैसा लागतच नाही.

डेन्मार्कचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या देशाने २००५ साली शाळेत आणि २००६ साली वाहन परवाना घेणाऱ्यास छातीदाबाचे शिक्षण सक्तीचे केले. २००१ साली रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी शेकडा २१ जणांना जवळच्या माणसाकडून छातीदाब मिळत असे. २०१० मध्ये हे प्रमाण शेकडा ४५ च्या जवळ पोहोचले. तीस दिवसांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण याच काळात शेकडा ३.५ वरून १०.८ वर गेले. याच काळात इतर उपचारही सुधारले, हे खरे; पण जवळच्या माणसाने यंत्र वापरल्याची उदाहरणे तेव्हा तेथेही फार थोडी होती. म्हणून कायद्याचा क्रम आमच्या मते असा असावा : आधी हात, मग पेटी. माध्यमिक शाळेत, वाहन परवान्याच्या वेळी, एस.टी.च्या चालक-वाहकांना, पोलीस पाटलांना आणि कारखान्याच्या पहारेकऱ्यांना हे शिक्षण मिळावे. मग गर्दी पाहून पेटी ठेवावी, श्रीमंती पाहून नव्हे. आणि १३४-अ कलमाचे कवच रस्त्यावरील अपघातापुरते न ठेवता, कोठेही कोसळलेल्या माणसाला हात देणाऱ्या प्रत्येकास मिळावे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. पेटी येईल, फोटो निघेल, हार घातला जाईल. मग ती साहेबांच्या खोलीत कुलपात जाईल आणि किल्ली शिपायाकडे राहील. शिपाई रजेवर असेल त्या दिवशी माणूस कोसळेल. बॅटरी संपलेली असेल, चिकटपट्ट्यांची मुदत टळलेली असेल. हे सारे संभवते. लाल नळकांड्यांचेही पुष्कळ ठिकाणी असेच होते. परंतु यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. तो अपुरा ठरतो. कुलपात न ठेवलेली जागा, देखभाल करणाऱ्याचे नाव, तपासणीची तारीख, या तीन गोष्टी पेटीसोबत सक्तीच्या हव्यात. आणि त्याहून पुढे, ती पेटी आपली आहे असे वाटणारी चार माणसे हवीत. ती कायद्याने निर्माण होत नाहीत.

स्पर्शाचा प्रश्न

एक अडचण मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. माणूस कोसळला की आपल्याकडे गर्दी चटकन जमते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी तेच पाणी पाजू पाहतो. सारे सद्‌भावनेने चाललेले असते. पण छातीला हात लावावयास कोणी पुढे होत नाही. ‘हा कोणाचा कोण? कोणत्या जातीचा? प्यालेला तर नाही ना?’ पडलेली स्त्री असेल, तर संकोच आणखी वाढतो. पुरुष दूर सरतात, कपड्यांना हात लावणे अशक्य वाटते आणि मिनिटे निघून जातात. मर्यादा हा आपल्या संस्कृतीचा गुण आहे, यात शंका नाही. तथापि प्राण जात असताना पाळलेली मर्यादा कोणाच्या अब्रूचे रक्षण करते? चार जणींनी साडीचा आडोसा धरावा आणि पाचव्या माणसाने छाती दाबावी. यात मर्यादाही राहते आणि माणूसही.

शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजक व लेवी हे दोघे जखमीला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. ते दुष्ट होते, असे प्रभू येशूने म्हटलेले नाही. ते पलीकडून गेले, इतकेच त्याने सांगितले. शोमरोनी मात्र जवळ गेला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. हा दाखला सांगताना आपण त्याच्या कनवाळूपणाचे गुणगान करतो; पण त्याच्याजवळ तेल होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. यरीहोची वाट धोक्याची आहे हे जाणून तो सामान घेऊन निघाला असावा. तेल नसते, तर त्याचा कळवळा त्या जखमी माणसाच्या फारसा उपयोगी पडला नसता. अक्वायनस यांनी विवेक या सद्‌गुणाच्या अंगांत दूरदृष्टीची गणना केली आहे. पूर्वतयारी हे प्रेमाचेच एक अंग आहे, असे आम्ही त्याला जोडून म्हणू. शोमरोन्याने पुढे त्या जखमीला उतारशाळेत नेले, रखवालदाराच्या हाती पैसे ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. एकट्याची दया तेथे व्यवस्थेच्या हाती गेली. हात, तेल आणि उतारशाळा या तिन्हींवाचून तो माणूस वाचला नसता.

ईश्वरेच्छा आणि आपली सिद्धता

धर्मगुरू या नात्याने आम्हांस अशा घरी पुष्कळदा जावे लागते. आम्ही पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. ‘फादर, देवाची इच्छा,’ असे घरची माणसे म्हणतात, आणि शोकाच्या त्या घटकेला त्या शब्दांचा आधार त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. मृत्यू अटळ आहे. वृद्धापकाळी, दीर्घ आजाराच्या अखेरीस तो आला, तर यंत्रांनी त्याची वाट अडवीत बसणे हे कर्तव्य नव्हे. बाराव्या पायस यांच्या शिकवणुकीत तेही आहे. परंतु पंचेचाळीस वर्षांचा, पदरी लहान मुले असलेला माणूस भोवती चाळीस माणसे उभी असताना मरण पावला, कारण त्या चाळीसांपैकी एकालाही काय करावे ते ठाऊक नव्हते. तर ते सारे देवाच्या इच्छेवर ढकलणे आम्हांस धाडसाचे वाटते. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण जी पश्चात्तापाची प्रार्थना करतो, तीत विचार, शब्द व कृती यांच्याबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उच्चार असतो. चोरी वा शिवी आपल्याला आठवते. न शिकलेली गोष्ट पाप म्हणून कोणाला आठवत नाही.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील. कायदा असावा, पण तो माणसे शिकविणारा, मदतीला धावणाऱ्याला संरक्षण देणारा आणि गरिबांच्या गर्दीपासून सुरुवात करणारा असावा. आणि तो होईपर्यंत आपली सदसद्विवेकबुद्धी मोकळी नाही. कारण हाताचा उपाय कायद्याची वाट पाहत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत आपली संख्या थोडी आहे. पण आपल्या कुटुंबांत परिचारिका भगिनी पुष्कळ आहेत, शाळा आहेत, सभागृहे आहेत, तरुणांची मंडळे आहेत. वार्षिक सणाच्या दिवशी मंडप, बँड आणि जेवण यांवर आपण आनंदाने खर्च करतो. त्याच सणाच्या आधीच्या एका रविवारी, मिस्सानंतरच्या दोन तासांत, एखाद्या परिचारिका भगिनीने धर्मग्रामातील तीस-चाळीस माणसांना छातीदाब शिकविला, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. शेजारच्या वस्तीतील बांधवांनाही बोलवावे. थांबलेल्या हृदयाला धर्म विचारता येत नाही, आणि दाबणाऱ्या हाताने तो विचारू नये.

पुढे ऐपत होईल तेव्हा सभागृहाच्या दारी, लाल नळकांड्याशेजारी, दुसरी पेटीही लागावी. ती वापरण्याची वेळ कधीच न येवो, अशी प्रार्थना आपण करूच. पण ती वेळ आली, तर शेजाऱ्याजवळ रिकाम्या हाताने उभे राहावे लागू नये, इतकी तयारी करणे आजच आपल्या आवाक्यात आहे. आणि जे आवाक्यात आहे, त्याचा हिशेब द्यावा लागतो.